वरच्या पाच स्प्रिंगा

आमच्या घरच्या अर्ध्या डॉक्टरीणबाईंना (प्रबंध पुरा झाला की 'अर्ध्या' खोडून टाकीन) आजीचे पोटभर आशीर्वाद. खोकला गेला का? जेवतेस ना वेळेवर, की पुस्तकांवरच भागवतेस? माझा गुडघा कुरकुरतो, पण मी त्याचं ऐकून घेत नाही. बाकी मी इतकी मजेत आहे की तुला कळवल्यावाचून राहवेना.

तू फोनवर समजावलंस ते मी आता अख्ख्या गल्लीला समजावते. देश बाहेर किती माल पाठवतो एवढंच बघायचं नाही, कसला पाठवतो ते बघायचं. श्रीमंत देश करतात तसला अवघड माल जो करायला शिकतो, त्याची कमाई पुढे भराभर वाढते. बरोबर ना? एवढ्यासाठी तुला चार वर्षं लागली गं! मी चौथीत शाळा सोडली, आणि खालच्या कारखान्याच्या खिडकीतून तेच बघितलं. (रागावू नकोस. तुझ्याकडे तक्ते आहेत, माझ्याकडे नुसती खिडकी.)

तुझ्या आईनं आपल्या कारखान्यात केसांचे आकडे करणं बंद केलं त्याला दोन वर्षं झाली. आकडे किलोवर जायचे, आणि तसले आकडे कुणीही करायचं. आता साखरेच्या पेशंटांचं ते इंजेक्शनचं पेन असतं ना, त्यातली इवलीशी स्प्रिंग आपल्याकडून परदेशी जाते. बायका त्याच, बाकडी तीच, पगार मात्र दीडपट. पॅकिंगच्या मुख्य बाईंनी घराला फरशी बसवली, शिवाय चष्मा केला, तेव्हापासून त्यांना सगळे चष्मेवाली म्हणतात. फक्त गप्पा संपल्या. पूर्वी आकडे भरता भरता तीन लग्नं जमली होती. आता तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, आणि सगळ्या अशा गप्प की जणू परीक्षेला बसल्यात. तुझ्या तक्त्यांत गप्पांचा रकाना आहे का? नसला तर घाल.

मग मीही टोपी घातली. (मला शोभते. चष्मेवालीच म्हणाली.) काम सोपं: यंत्र मोजून दोनशे स्प्रिंगा पाकिटात टाकतं, मी पाकीट बंद करते. पण आकड्यांच्या काळात प्रत्येक खोक्यात वर एक मूठ माझ्या हातची जायची, गिऱ्हाईक खूश व्हायचं. परदेशातल्या माणसाला कोरडं दोनशे द्यायचं, हे काही माझ्या हाताला पटेना. मी दर पाकिटात वरच्या पाच घातल्या, आणि आभाराच्या पत्राची वाट बघत बसले.

पत्र आलं, पण भलतंच. त्यांच्याकडे दोनशे स्प्रिंगांची दोनशे पेनं होतात. पाच उरल्या, म्हणजे पाच पेनं स्प्रिंगेवाचून पुढे गेली, असं त्यांना वाटलं! त्यांनी यंत्रं थांबवली, दिवसभराची पेनं एकेक करून उघडली. सगळ्यांत स्प्रिंग होती. मग ते आणखीनच चिडले. (कमी दिल्यावर चिडणारी माणसं मी बघितली होती, जास्त दिल्यावर चिडणारी पहिल्यांदाच.) आता पुढची ऑर्डर थांबवली आहे, आणि एक फॉर्म पाठवलाय. त्यात 'असं का झालं' हे एकाखाली एक पाच वेळा विचारलंय, तू तीन वर्षांची असताना विचारायचीस अगदी तसं.

तुझी आई रात्री उशिरापर्यंत खाली कारखान्यातच असते. मोजणीचं यंत्र तपासलं, ते चोख आहे. यंत्रावर असते चष्मेवाली, म्हणून चूक तिची ठरली आणि चार दिवस झाले ती घरी बसली आहे. "सासूबाई, तुम्ही तिथेच होतात, काही दिसलं का?" तुझ्या आईनं विचारलं. "मला बाई यातलं काय कळतंय," असं म्हणून मी भाजी चिरायला घेतली. गरजेपेक्षा बरीच चिरली.

असो. प्रकृतीला जप.

तुझी आजी

ता. क. फॉर्म शुक्रवारी जायचा आहे, आणि त्यात चष्मेवालीचं नाव जाईल. त्याआधी आईला फोन करून सांग की त्या पाच माझ्या. तीस वर्षं मी तिला नीटनेटकेपणा शिकवला, आता कुठल्या तोंडानं सांगू? तिला म्हणावं, फॉर्मात लिही, सासू आकड्यांच्या काळातली आहे. पाचही 'का'ना तेवढं उत्तर पुरेल. आणि चष्मेवालीला मी स्वतः घरी जाऊन घेऊन येईन, टोपी काढून.

ता. क. दुसरं. तुझ्या सरांना दाखवायला तू दोन स्प्रिंगा मागितल्या होत्यास, त्या याच पाकिटात आहेत. किती निघतात ते मोज. आईचा विश्वास बसला नाही तर पुरावा म्हणून दाखवता येतील.