शेवटी अ‍ॅम्प चालू, आधी अ‍ॅम्प बंद

नंदू, आमच्या घरच्या आवाजा,

तक्रार गंभीर आहे, तेव्हा नीट ऐक. माणसानं जाताना मागं काय ठेवावं याला काही ताळतंत्र असतं. लोक जमिनी ठेवतात, कोर्टातले दावे ठेवतात. तू गोणीभर वायरी ठेवल्यास. सगळ्या काळ्या! एखादीला लाल पट्टी चिकटवायला तुझं काय जात होतं? गेला आठवडाभर मी तुझ्या पडवीत उकिडवी बसून ह्या वायरीचं टोक त्या भोकात घालत होते. पन्नाशीतले गुडघे कसे वाजतात ते तुला काय माहीत? तू चाळिशीतच सटकलास.

आज घर रिकामं आहे. श्रुतीला लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आणायला सगळे माणगावला गेलेत. आय आत आडवी झालीय. बाहेर मी आणि तुझा अ‍ॅम्प. तुझ्याशी भांडायला इतका निवांत वेळ पुन्हा मिळायचा नाही, म्हणून लिहायला बसले.

हो रे, पोरीचं लग्न झालं. तू ठरवून गेला होतास, आणि घरात माणूस गेलं की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर पुढं तीन वर्षं थांबायचं. मग उरकलं. पण भाऊकाका काठी टेकत आले आणि म्हणाले, "लगीन करा, पन आवाज नको. वरीस झाला नाय अजून."

तुझी लेक काय म्हणाली असेल? "पप्पांचा साउंड नाय, तर मना हलद पन नको!" हट्ट कुणाचा उचललाय ते सांगायला हवं का?

राहिली आय. आजूबाजूच्या गावांची ही धवलारीण. हळदीला, मांडवाला तिनं धवला गायल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. तू गेल्यापासून तिनं गाण्यासाठी तोंड उघडलेलं नव्हतं. दुसरी धवलारीण सांगू का, असं तुझ्या सुषमानं विचारलं, तर भिंतीकडे तोंड फिरवून म्हणाली, "नंदूचे माइकवर गाईन. दुसरे कंचे नाय."

म्हणजे हळद अडली कुठं? तुझ्या अ‍ॅम्पपाशी.

तुझे डीजे दोस्त? लग्नसराई! एकेकाच्या एका दिवसात दोन-दोन सुपाऱ्या. उरले मी. डीजेच्या दणदणाटावर वर्षानुवर्षं पेपरात लिहिणारी मी! त्यातला एक लेख तू लॅमिनेट करून बेसच्या डब्यावर चिकटवलास आणि आल्यागेल्याला दाखवत सुटलास, "माझे तायनं लिवलंय." अरे, तुझीच टर उडवली होती त्यात! कळली नव्हती तुला? की कळली, म्हणूनच चिकटवलीस?

लॅपटॉपमधून कंट्रोलरला, कंट्रोलरमधून अ‍ॅम्पला, अ‍ॅम्पमधून स्पीकरच्या दोन डब्यांना. सांगायला केवढं सोपं! पहिल्यांदा आवाजच नाही, कारण मी वायर हेडफोनच्या भोकात खुपसली होती. मग आवाज आला, पण मागं विहिरीवरच्या पंपासारखी घरघर. मी तुला, तुझ्या मशीनला आणि वीज शोधून काढणाऱ्याला शिव्या घातल्या. सुषमा भाकरी थापता थापता म्हणाली, "वन्सं, कंट्रोलरचा प्लग स्वैपाकघरात का लावलाय? मी लावला की हे ओरडायचे. दोन्ही एकाच बोर्डात." लावले. घरघर थांबली. सुषमाच्या हातातली भाकरी मात्र थापायची राहिली.

मग खरखर. पिनांवर हिरवं चढलं होतं. ही आपली थळची खारी हवा! तू अ‍ॅम्पला आयच्या जुन्या लुगड्यात बाळंतिणीसारखं गुंडाळून ठेवायचास, आणि मी हसायचे. तू गेल्यावर आम्ही तुझ्या फोटोला रोज हार घातला. अ‍ॅम्प तसाच उघडा राहिला. कुणाला सुचलंच नाही रे.

पिना घासल्या. हळदीच्या संध्याकाळी पाहुणे बसले, आणि मी रुबाबात आधी अ‍ॅम्प चालू केला, मग कंट्रोलर. धप्प! दोन्ही डबे असे खोकले की भाऊकाकांच्या धोतरावर चहा सांडला.

तेव्हा तुझा आवाज आठवला. "ताय, अ‍ॅम्प म्हंजे मोठा पाव्हना. सगले जमले का शेवटी येल, न सगल्यांचे आधी उठून जाल. ह्यो नियम मोरायचा नाय."

आम्हा चार भावंडांत तू शेवटी आलास आणि सगळ्यांच्या आधी उठून गेलास. नंदू, तो नियम मशीनचा होता! तुला कुणी लावला?

सगळं बंद करून पुन्हा मांडलं. अ‍ॅम्प शेवटी. आयच्या हातात माइक दिला. तिनं तो दोन्ही हातांत धरला, तू शिकवलं होतंस तसा. पहिल्या ओळीला आवाज फाटला. मग ती गायली. तू नेहमी तिच्या धवल्यासाठी तुझं संगीत पार शून्यावर आणायचास ना? मीही आणलं होतं. पडवीत फक्त आय होती. "आवाज नको" म्हणणाऱ्या भाऊकाकांनी आपली खुर्ची डब्याजवळ ओढून घेतली. श्रुतीच्या गालांवरची हळद ओघळली, ती सुषमानं पुन्हा लावली.

मग डीजे. सगळं गाव नाचलं. मी बटणापाशी उभी राहिले. कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

खरं काय ते तुला माहीत आहे. तुझ्या स्वतःच्या हळदीत तू माझा हात ओढलास, तेव्हा सुटका करून घ्यायला मी म्हणाले होते, "आता नको, तुझ्या पोरीच्या हळदीत नाचेन." श्रुती जन्मली तेव्हा दवाखान्याच्या दारातच तू ओरडलास, "ताय, वीस वर्सांनी तयार रव!" एवढा हिशोबी माणूस, आणि वसुलीलाच हजर नाही?

हे बघ, शब्द देते. दर पावसाळ्याआधी पिना घासीन. अ‍ॅम्प लुगड्यात गुंडाळीन. आय गाईल तोवर ह्या घरात तिच्यापुढं तुझाच माइक असेल.

थांब जरा. उठते.

गाणं लावलं होतं, तुझ्या आवडीचं, अगदी बारीक आवाजात. पडवीच्या ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत. गुडघे डब्यांपेक्षा जास्त वाजले. आतून आयचा आवाज आला, "सुले, मोठा कर गो!"

केला. गाणं संपेपर्यंत नाचले.

मग आधी अ‍ॅम्प बंद केला.

तुझी,
सुलूताय