हलक्यातला ब्लाऊजपीस

१६ एप्रिल, रविवार

तर म्हणे आपण सगळ्यांनी अव्होकॅडो खायला जायचं! समुद्र ओलांडून! मी म्हटलं, अरे उन्मेष, ते तुमच्या फ्रीजमध्ये पडलंय की, काळं होईपर्यंत कोणी हात लावत नाही. त्यासाठी विमान कशाला?

कृतिकाने डोळे फिरवले. "आजी, इट्स अ फेस्टिव्हल!" चौदा वर्षांची नात माझी. मराठी समजतं सगळं, बोलायचं म्हटलं की दात दुखतात.

न्यू कॅलेडोनिया म्हणून मुलूख आहे, त्यातलं मारे नावाचं बेट. मूळची माणसं कनाक, राज्य फ्रान्सचं. सून माझी — सीमा — माँट्रियलला राहिलेली. तिचं फ्रेंच इथे कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, कोक्विटलाममध्ये गंजतंय, म्हणून ही वारेमाप सहल. माझं चौथीपर्यंतचं गणितही गंजलंय. त्यासाठी कोणी कुठे नेत नाही!

खरं लिहू? मला आनंद झालाय. पण दाखवायचा नाही. दाखवला की म्हणतात, बघा, आईंना किती आवडतं, आता वर्षभर काही मागायच्या नाहीत.

१९ एप्रिल, बुधवार

आनंद उतरला.

बेसमेंटमध्ये राहायचा एक फायदा — गरम हवेच्या जाळीतून वरच्या मजल्यावरचं सगळं ऐकू येतं. उन्मेष म्हणाला, "घर विकून टाकू. टू बेडरूमचा कॉन्डो पुरे." सीमा म्हणाली, "आणि आई?" तेवढ्यात कोणीतरी नळ सोडला. उत्तर पाण्यात गेलं.

दोन खोल्या. एक त्यांची, एक कृतिकाची. मी बहुतेक बाल्कनीत, विंटर टायर्सच्या शेजारी. नाहीतर अमरावतीला, थोरल्या विलासकडे. तो महिन्यातून एकदा फोन करतो आणि पहिलं वाक्य असतं, "आई, घाईत आहे."

म्हणजे सहलीचं कारण कळलं. नवसाच्या बोकडाला आधी हिरवा पाला घालतात ना, तसं.

२७ एप्रिल, गुरुवार

बॅगा भरल्या. सीमाने मोठं भाषण दिलं. कनाक लोकांच्या वस्तीत असं धाडकन घुसता येत नाही म्हणे. आधी त्यांच्या पुढे कापड ठेवायचं, वर एक नोट. मान खाली. आपण कोण, कशाला आलो, राहू का — सगळं तोंडाने बोलायचं. त्यांनी कापड उचललं की झालं, आपण त्यांचे. ह्याला कूत्यूम म्हणतात. माफी मागायची तरी असंच, निरोप घ्यायचा तरी असंच.

मी म्हटलं, कापड ना? माझी पिशवी आहे की!

पिशवी म्हणजे, सीमाला हळदीकुंकवाला, माहेरी, जिथे जाईल तिथे ओटीत ब्लाऊजपीस मिळतात, ते आमच्याकडे आलेल्या बायकांना पुढे जातात. ते निवडायचं काम माझं. कोणाचा आला ते चिठ्ठीवर लिहून टाचणी लावायची, म्हणजे ज्याचा त्यालाच परत जात नाही. भारी वेगळे, हलके वेगळे. ओटी मात्र सीमाच भरते. हे गेल्यापासून बारा वर्षं माझ्या हाताला ओटी चालत नाही, टाचणी चालते.

बाहेरच्यांना द्यायचं म्हणून हलक्यातला एक हिरवा काढला. इतक्या लांब भारी कशाला न्यायचा!

१ मे, सोमवार

विमान. ऑकलंड. विमान. पाय सुजून पुरणपोळी झाले.

५ मे, शुक्रवार

मारे! काय बाई हे बेट! आणि बायका सगळ्या मॅक्सीत! अगदी माझ्यासारख्या — सैल, फुलाफुलांच्या, बाहीला लेस. मी मॅक्सीवर पत्रपेटीपर्यंत गेले तर सीमा म्हणते, "आई, शेजारी बघतात." इथे अख्खा उत्सव मॅक्सीत! त्यात क्रिकेटही खेळतात! एका जाड्या बाईने असा टोला हाणला की चेंडू नारळाच्या झाडात. मी सीमाकडे फक्त पाहिलं. बोलायची गरजच नव्हती.

पण आधी सकाळचं लिहिते. लिहायलाच हवं.

गोल झोपडी, दार इतकं बुटकं की आत जाताना वाकावंच लागतं. आत चटईवर मादलेन नावाची म्हातारी, त्या घरातली सगळ्यांत मोठी. आमच्यातर्फे कोण बोलणार? सर्वांत मोठं माणूस. म्हणजे मी! उन्मेष कंपनीत चाळीस माणसांपुढे बोलतो, तो मागे गप्प बसला.

कापड ठेवलं. मान खाली घातली. म्हटलं, मी अमरावतीची, आता मुलाकडे असते, तुमचं जेवण आणि नाच बघायला आलो, आत येऊ का? सीमाने फ्रेंचमध्ये सांगितलं. म्हातारीने कापड दोन्ही हातांनी उचललं. बारा वर्षांत माझ्या हातचं कापड पहिल्यांदा कोणीतरी घेतलं. ती सधवा का विधवा, मी सधवा का विधवा, कोणी विचारलं नाही. डोळे भरले माझे.

आणि तेवढ्यात तिने चिठ्ठीवर बोट ठेवलं. हे काय लिहिलंय?

टाचणी! काढायची राहिली!

सीमाने वाकून वाचलं. माझंच अक्षर, चांगलं ठसठशीत — "सीमाच्या आईकडून. हलका. कोणालाही चालेल."

जमीन फाटेना. सीमा फ्रेंचमध्ये शांतपणे काहीतरी बोलली, बरंच लांब. म्हातारीने कापड छातीशी धरलं.

बाहेर आल्यावर कृतिकाला विचारलं. शाळेतलं फ्रेंच आहे तिला. म्हणाली, "मॉम म्हणाली, हे माझ्या आईने दिलेलं कापड आहे, आजीने ते सांभाळून ठेवलं होतं. लाइक, शी टोटली लाइड, आजी."

६ मे, शनिवार

बुन्या खाल्लं. सुरणासारखा कंद, अळूचे कंद, केळी, भोपळा, नारळाचं दूध — सगळं केळीच्या पानांत बांधून तापलेल्या दगडांत पुरतात. माझ्यासाठी कोंबडी न घालता वेगळं गाठोडं केलं होतं. आपल्या गोवऱ्यांत भाजलेल्या रोडग्यांची आठवण आली. अव्होकॅडोही खाल्लं, गोड लागलं. फ्रीजमधल्याचा आणि ह्याचा काही संबंध नाही.

बायका नाचल्या. मीही थोडी. मादलेनने माझा हात धरून नाचवलं.

सीमा माझ्याशी बोलते. "आई, पाणी हवं?" "आई, चप्पल घाला." बास, एवढंच. त्यापेक्षा भांडली असती तर बरं.

७ मे, रविवार

झोपडीबाहेर म्हातारीजवळ बसले होते. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची. म्हणून खूप बोलणं झालं.

मनात एकच येत होतं. कोक्विटलामला पाच वर्षांपूर्वी आले तेव्हा दारात मी काय म्हटलं होतं? "पंखा कुठे लावता येईल?" म्हटलं होतं. राहू का — हे कोणाला विचारलं? उन्मेषलाही नाही. सीमाला तर नाहीच.

१३ मे, शनिवार

घरी. पाऊस. अव्होकॅडो काळं पडलंय.

१४ मे, रविवार

माझ्या डब्यात एकच खण आहे, आईने लग्नात दिलेला. चिठ्ठी नाही त्याला, गरजच नव्हती, कधी कोणाला द्यायचाच नव्हता. तो घेतला, वर नारळ घेतला आणि जिना चढले. गुडघ्यांनी नावं ठेवली.

सीमा स्वयंपाकघरात. दारातच थांबले. ओट्यावर ठेवला. मान खाली घातली — आमच्या घराचं दार उंच आहे, आपणहून वाकावं लागतं.

म्हटलं, "मी उन्मेषची आई. पाच वर्षांपूर्वी न विचारता आत आले. तुझ्या आईच्या कापडाला हलकं म्हटलं. चुकले. कॉन्डोचं मी ऐकलंय. विचारते आहे — राहू का?"

तिने गॅस बंद केला. ओठ हलले. तेवढ्यात तिचा फोन वाजला, ऑफिसचा. रविवारी! "आई, एक मिनिट," म्हणून वर गेली.

खण तिथेच. दुपारी बघितलं, तिथेच. जेवताना सगळे त्याच्या बाजूने ताटं घेऊन गेले. उन्मेष म्हणाला, "हा नारळ फोडायचा का?" म्हटलं, तुझ्या डोक्यावर फोड.

१५ मे, सोमवार

सकाळी ओट्यावर खण नाही. जिन्याच्या पायरीवर मोठा कागद, नव्या कॉन्डोचा नकाशा. खोल्या मोजल्या — दोन नाही, तीन! खिडकीच्या खोलीवर टाचणी, टाचणीला चिठ्ठी. सीमाचं अक्षर:

"आईंची. भारीतली. दुसऱ्या कोणालाही चालणार नाही."