संस्थेची अंतर्गत बाब

प्रिय ताई,

फोनवर तू "बरी आहेस ना?" विचारतेस आणि मी "हो" म्हणून मोकळी होते. लिहिताना तसं सुटता येत नाही. गुडघे कुरकुरतात, ह्यांची बदली टळली, बाकी घरचं ठीक.

आमचं मनोरुग्णालय सरकारनं कंपनीला चालवायला दिलं, त्याला वर्ष झालं. आधी भिंती रंगवल्या. मग खिडक्यांना पत्रे ठोकले, माणसं कमी केली. चाळीस रुग्णांमागे मी एकटी नर्स, आणि कपाटात चामड्याचे पट्टे.

शिंपीकाका आठवतात? आपले शाळेचे गणवेश शिवायचे ते. कोर्टाच्या हुकमानं आमच्याकडे होते, आपणहून जायची सोय नव्हती. मला ओळखायचे, बाहीची उसवलेली शिवण दाखवून रागवायचे. दिवसभर येरझारा घालायचे, एवढाच त्यांचा गुन्हा. व्यवस्थापक म्हणाले, बांधा. मी म्हटलं, साहेब, माणसाला असं बांधण्याविरुद्ध कायदा आहे. ते हसले. "कायदा सरकारला, बाई. आपण खासगी."

मी आरोग्य खात्याकडे तक्रार केली. तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: ही संस्थेची अंतर्गत बाब आहे. त्याची प्रत घेऊन व्यवस्थापक वॉर्डात आले. पट्टा माझ्या हातात दिला.

ताई, मी बांधला. चौथ्या दिवशी काका पाणी मागेनासे झाले. सहाव्या दिवशी गेले.

त्यांची मुलगी कोर्टात गेलीय. कंपनी म्हणते आम्ही सरकार नाही, सरकार म्हणतं आम्ही तिथे नव्हतोच. सरकारचं काम करणाऱ्या कंपनीला माणसाचे हक्क पाळावे लागतात की नाही, हेच आधी ठरायचंय. व्यवस्थापक हल्ली रोज गोड आवाजात विचारतात, "तुमची ताई खात्यातच आहे ना?"

काल मी जबाब दिला. माझ्याच हातांनी बांधलं, तेही सांगितलं. मग मुलीच्या वकिलांनी खात्याचं ते उत्तर मागितलं. खालची सही मी पहिल्याच दिवशी ओळखली होती. आई गेल्यावर माझ्या प्रगतिपुस्तकावर तूच सही करायचीस, ते वळण मी कसं विसरेन? तू तक्रार वाचलीस की नुसती सही केलीस, मला ठाऊक नाही. विचारायची छाती झाली नाही. कागद मी दिला. सोमवारी तुला कोर्टाचं बोलावणं येईल. ते परक्याच्या हातून कळू नये, म्हणून हे पत्र.

अजूनही तुझीच,
धाकटी