उचगावात न झालेले मतदान आणि आक्काताईंचे नाव

प्रति,
मा. मतदार नोंदणी अधिकारी,
तहसील कार्यालय, करवीर, कोल्हापूर.

विषय : श्रीमती आक्काताई धोंडीराम कांबळे यांचे नाव मतदार यादीत कायम असल्याचे गोल शिक्क्यासह लेखी पत्र मिळणेबाबत.

संदर्भ : सदर आक्काताई गेले आठ दिवस सकाळी सात वाजता अर्जदाराच्या दारात येऊन विचारत असलेला तोंडी प्रश्न.

महोदय,

मी, धनपाल आदगोंडा मगदूम, वय ६१, भांड्यांचे दुकानदार, रा. उचगाव, सादर करतो की, या प्रकरणी आपल्या कार्यालयाची काडीचीही चूक नाही. सगळी चूक अर्जदाराची असून ती पुढीलप्रमाणे :

१) अर्जदार एकतीस वर्षे पक्षाचा कार्यकर्ता आहे, म्हणजे सतरंज्या अंथरतो आणि नेते येईपर्यंत गर्दी धरून ठेवतो. मागच्या मेळाव्यात जिल्ह्याच्या नेत्यांनी "अण्णांसारखा माणूस राज्यसभेवर पाहिजे" असे अर्जदाराकडे बोट करून माइकवरून उद्गार काढले. मांडव हसला. अर्जदार हसला नाही. पत्नी सौ. चंदना हिने बजावले होते की, "भाषणात म्हणत्यात की तसं. उद्या गप दुकान उघडा." अर्जदाराने दुकान उघडले नाही. नाक्यावर 'भावी खासदार' असा फलक लावला.

२) राज्यसभेला जनता मत देत नाही, हे अर्जदारास ठाऊक नव्हते. त्यामुळे घरोघरी हात जोडून प्रचार केला. मतदानाची तारीख पेपरात आली, तशी "सोळा तारखेला सकाळी सातला शाळेत या" असे सर्वांना सांगितले. आक्काताई, वय ७९, म्हणाल्या, "येतो की. बाबासाहेबांनी दिल्यालं मत हाय, आजवर एकबी चुकवलं न्हाय."

३) उमेदवारी अर्जावर दहा आमदार सूचक लागतात, असे नंतर कळले. अर्जदार एकाच आमदारांना ओळखतो आणि तेही अर्जदारास 'ओ पावणं' म्हणतात. म्हणून त्याऐवजी उचगावच्या ३१२ लोकांच्या सह्या घेऊन अर्जदार मुंबईस गेला. पक्ष कार्यालयातील साहेबांनी गठ्ठा परत दिला. राज्यसभेचे मत आमदार देतात, तेही पेटीत टाकण्याआधी पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून, असे त्यांनी समजावले. नाव तर आधीच ठरले होते. आमच्या पक्षात शिफारस खालून वर जाते, नाव वरून खाली येते आणि वाटेत दोघांची गाठ पडत नाही. ठरलेले गृहस्थ दुसऱ्या राज्यातले आहेत. कायद्याने तेही चालते म्हणे.

४) पुढे माघारीच्या दिवशी जागांइतकेच उमेदवार उरले आणि निवडणूक बिनविरोध झाली. म्हणजे आमदारांनीसुद्धा मत दिले नाही. हे अर्जदारास सोळा तारखेच्या सात दिवस आधी कळले होते. लाजेपोटी त्याने कोणालाच सांगितले नाही. गावाला आपोआप समजले आणि पोरे फलकाखाली उभी राहून "ओ खासदार, चहा सांगा" म्हणू लागली. आक्काताईंना समजले नाही.

५) सोळा तारखेला त्या पांढरे लुगडे नेसून, ओळखपत्र घेऊन सातला शाळेत गेल्या. तिथे मुलांची परीक्षा होती. "आजी, तुमचं इथं काय न्हाय," असे कोणीतरी म्हणाले. तरीही त्या साडेदहापर्यंत व्हरांड्यात उभ्या होत्या. आपलेच नाव यादीतून काढले, असा त्यांचा समज झाला आहे.

६) अर्जदाराने त्यांचे पाय धरून सगळे कबूल केले. त्या म्हणाल्या, "तू पार्टीचा माणूस. तुझं कसं खरं मानू? सायबाचा शिक्का आण." अर्जदारास फार वाईट वाटले, परंतु हरकत घेता आली नाही.

तरी, आक्काताईंचे नाव यादीत आहे, सोळा तारखेला कोणाचेच मत घेतले नाही आणि पुढच्या मतदानाला त्यांनी जरूर यावे, असे पत्र मोठ्या अक्षरांत मिळावे. ते त्यांची नात संघप्रिया वाचून दाखवील, कारण अर्जदाराच्या वाचनावरही त्यांचा विश्वास राहिलेला नाही. दोषी म्हणून अर्जदाराचे नाव पत्रात अवश्य घालावे. खासदारकी गेल्याचे दुःख नाही, ती कधी आलीच नव्हती. पण जिने एकही मतदान चुकवले नाही, तिला अर्जदाराने साडेतीन तास उभे केले, हे झोपू देत नाही.

फलक उतरवला आहे. त्याची मागची बाजू कोरी आहे. आपले पत्र आले की त्यावर शब्दशः उतरवून त्याच नाक्यावर लावण्याची परवानगी असावी.

आपला नम्र व कधीच उभा न राहिलेला उमेदवार,
(सही)
धनपाल आदगोंडा मगदूम
उचगाव, दि. २४ मार्च

सोबत :
१) आक्काताईंच्या ओळखपत्राची प्रत (मूळ त्या हातातून सोडत नाहीत).
२) ३१२ सह्यांचा गठ्ठा. पाहून परत मिळावा. पहिली सही आक्काताईंची आहे.