एका बोटाचं काम

गुरुवार, संध्याकाळी

आमच्या ग्रॅनाइटच्या कारखान्यासाठीची ऑर्डर गेली एकदाची! लोखंडी वाटीत बसवलेले, सगळीकडे फिरणारे गोळे. कामाच्या टेबलात बसवले की त्यांच्यावरून ग्रॅनाइटची अख्खी लादी म्हणे एका बोटानं सरकते. सगळे गोळे कधीच सारखे टेकत नाहीत, म्हणून पूर्ण वजन तीनच गोळ्यांवर येईल असं धरून दणकट घेतले. महाग पडले, पडू देत.

बाबांना मात्र पटेना. "काहून वं? हातानंच उचलून राहिलो ना आजवर?" तेही कंबरेला पट्टा बांधून! मग जेवणाच्या टेबलावर नमुन्याचे तीन गोळे मांडले. त्यांच्यावर बेसा भागातल्या एका घराच्या स्वयंपाकाच्या ओट्यातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा, त्यावर तांदळाचा भरलेला डबा. आईनं खरंच एक बोट लावलं आणि डबा थेट कडेला! बाबांनी धावत जाऊन त्याला मिठीच मारली.

टेबलाच्या कडांना अडवायला पट्टी लागेल, हे माझ्या डोक्यातच कसं आलं नाही? तीही ऑर्डरमध्ये घातली.

कारखान्यात लहानपणापासून बाबांचं एकच ऐकलं, "जोर लावा, जोर लावा!" आज पहिल्यांदा ओरडले, "थांबव वं, थांबव!"