मिठाऐवजी गूळ

९ नोव्हेंबर १९८६, सिरोंचा

नळीचा वरचा भाग दिव्यावर धरला. लघवी उकळली. पांढरं काही आलं नाही. नितळ! म्हणजे किडनीतून प्रथिनं गळत नाहीत, सुजेच्या गोळ्या लागू पडल्या आहेत. लेक मित्रा, तिला दाखवलं. ती कंटाळली आहे. "आई, तू रोज माह्यं मूतच पाहून राह्यली."

मागच्या वर्षी याच पोरीचं पोट पाण्याने तट्ट फुगलं होतं आणि लघवी जेमतेम चमचाभर. आता भरपूर होते. रात्री अंथरुणातही. सासूबाई म्हणतात, "मोकळी होऊन राह्यली. होऊ दे." मी चादर धुते आणि मनात खूश असते.

चंद्रपूरचे डॉक्टर म्हणाले होते, पाऊस उघडला की आणा, गोळ्या कमी करायच्या आहेत. रस्ता केव्हाच सुरू झाला.

१२ नोव्हेंबर

मित्राला तहान फार. गोळ्यांनी गोल झालेल्या गालांवरून शाळेतल्या मुली तिला भोपळा म्हणतात. ती म्हणाली, "मी भोपळा नाई, घागर हाव. इकून भरा, तिकून सांडा." दोघी हसलो.

सुजेमुळे मीठ बंद. घास उतरत नाही, म्हणून भातावर गूळ कुस्करून देते. आज पुन्हा मागितला. दिला.

१५ नोव्हेंबर

अंघोळ घालताना दंड हाताला लागले. काड्या. गाल गोल, म्हणून कुणाला कळलं नाही. मलाही नाही.

१६ नोव्हेंबर

पहिल्या एस.टी.ने निघतो. सासूबाई सोबत.

१७ नोव्हेंबर, चंद्रपूर

डॉक्टरांनी निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून उकळले. विटकरी झालं, म्हणजे लघवीत साखर. रक्तातही साखर खूप.

"या गोळ्या फार दिवस चालल्या की साखर वाढते, बाई. लहान मुलांतही. म्हणून तर बोलावलं होतं. गोळ्या कुठून आणत होता?"

जुन्याच चिठ्ठीवर. दुकानदार ओळखीचा.

"आला का नाहीत?"

रस्ता बंद होता, मी म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

इथे खरं लिहिते. ते गोळ्या कमी करतील, म्हणून गेले नाही. ते पोट मला पुन्हा पाहायचं नव्हतं. तुंबलेली लघवी एवढीच भीती माझ्या डोक्यात. वाहणाऱ्या लघवीची भीती कधी वाटलीच नाही.

१९ नोव्हेंबर

वॉर्डात. इन्सुलिन सुरू. सुई टोचताना मित्रा माझ्याकडे पाहत नाही, आजीकडे पाहते.

डॉक्टरांना म्हणाले, गोळ्या आजच बंद करा.

"एकदम बंद केल्या तर जीवावर बेतेल. शरीराला सवय झाली आहे. हळूहळू उतरवू. सूज आली, तर पुन्हा वाढवाव्या लागतील."

आणि मग साखर?

"तीही वाढेल. दोन्हींकडे बघत जायचं."

२० नोव्हेंबर

हे नोकरीवरून, कोरपन्याहून आले. "तू त शिकेल हायेस," एवढंच बोलले.

२४ नोव्हेंबर

सासूबाई डॉक्टरांना सांगत होत्या, "गूळ मीच देत होती, साहेब. सुनेले काऊन बोलता?" खोटं. गूळ मीच देत होते.

मग मला राहवलं नाही. म्हणाले, रस्ता सुरू होता. डॉक्टर कागदावर लिहीतच राहिले. "माहीत आहे. सिरोंच्याचे पेशंट येतच होते."

३ डिसेंबर

इन्सुलिन थांबवलं. गोळ्या उतरतायत. निळं औषध आता हिरवट होऊन थांबतं.

११ डिसेंबर

उद्या सुट्टी, सकाळची लघवी चांगली आली तर. मित्राने संध्याकाळीच पिशवी भरली. शेजारच्या खाटेवरच्या सोमारीला म्हणाली, "तू रहा आता डाक्टरसोबत. मी चालली." मला म्हणाली, "घरी गेल्यावर मीठ देशील?" थोडं देईन म्हणाले. विचारलं नव्हतं कुणाला.

१२ डिसेंबर

सकाळी औषध निळंच राहिलं. साखर नाही. दुसऱ्या नळीत लघवी उकळली तर दह्यासारखी पांढरी झाली. मित्राला उठवलं. पापण्या सुजून डोळे उघडत नव्हते. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा पहिल्याइतक्या केल्या. मीच दिल्या.