आयेच्या हाताची फळी

आये,

तू गेल्याला सतरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुला वाचता येत नव्हतं, हे एक कारण. दुसरं म्हणजे तुझ्याशी मी बोलतच असते, भात निवडताना, मासे साफ करताना, मनातल्या मनात. पण आज जे सांगायचं आहे ते बोलायला लागले तर मध्येच विषय बदलीन, माझा मला भरवसा नाही, म्हणून लिहिते. मी आता आपल्या मच्छीमार सोसायटीची चेअरमन आहे. हसू नकोस. डोक्यावर पाटी घेऊन देवरूखच्या एसटीत बसणाऱ्या बाईची मुलगी खुर्चीत बसते आणि बापे माणसं तिला मॅडम म्हणतात. बाहेर गेल्यावर काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

त्या खुर्चीत बसले की मला आपल्या बंदरावरची सकाळ आठवते. होड्या लागल्यात, माशांचे ढीग ओतलेत, लिलाव पुकारणाऱ्याचा घसा बसत आलाय, बायका कोपरं मारत पुढे सरकतायत, आणि तू शांतपणे एक पापलेट उचलून उजव्या हातावर ठेवतेस. तोंड मधल्या बोटाच्या टोकाशी. शेपूट मनगटाच्या पुढे गेलं तर बोली लावायची, नाही गेलं तर तो ढीग सोडून पुढे जायचं. बायका तुला चिडवायच्या, "काय गो, जावई बघतंस काय?" तू मान वर न करता म्हणायचीस, "जावयाचा पन माप घेतला पायजे." मला तेव्हा तुझी लाज वाटायची. सगळ्यांच्या पाट्या भरलेल्या आणि आपली अर्धी, असं किती वेळा झालं.

एकदा तुला ताप होता म्हणून लिलावाला मला पाठवलंस. मी दहावीला होते आणि स्वतःच्या हुशारीबद्दल मला काडीची शंका नव्हती. बारीक पापलेटांची अख्खी पाटी मी स्वस्तात मिळवली आणि लढाई जिंकल्यासारखी घरी आले. तू गोधडी बाजूला सारून उठलीस, पाटीशी बसलीस आणि एकेक पापलेट हातावर ठेवून बघायला लागलीस. मनगटापर्यंत एकही पोचत नव्हतं. तरी तू सगळी बघितलीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. मीच मग तोंड उघडलं, "आये, ती मेलेलीच होती. मी नसती घेतली तर काय जिवंत झाली असती?" हा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये दर वेळी कोणीतरी तो विचारतंच. तू म्हणालीस, "मासा मेला तो मेलाच. पन तू बोली लावलंस ना, ती त्या जाळ्याला लागली. उद्या तो होडीवाला परत त्याच जाळ्यान दर्यावर जाईल."

ती पाटी तू मला विकू दिली नाहीस. दारोदार वाटायला लावलीस आणि प्रत्येक दारात सांगायला लावलंस की ही मी चुकून घेतली. बायका पापलेट घेत होत्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्या दिवशी आपण कुळथाची पिठी आणि भात खाल्ला. शेजारच्या घरातून तळलेल्या माशाचा वास येत होता, तो माझ्याच पाटीतला. माझा राग चांगला आठवडाभर टिकला. आज कोणी विचारलं की हे सगळं कुठे शिकलात, तर मी पुढाऱ्यासारखं काहीतरी बोलते, पण खरं म्हणजे मी जे काही शिकले ते त्या पिठीभातात शिकले.

आणि मग ते वर्ष, ज्याबद्दल आपण दोघी नंतर कधीच बोललो नाही. बाबांचा पाय जाळं ओढताना दोरात सापडून मोडला, होडी किनाऱ्यावर पडून राहिली आणि घरात सगळं तुझ्या पाटीवर येऊन पडलं. चार महिने तू बारीक पापलेट घेतलंस. मी बरोबर असायचे. गंमत म्हणजे तू तेव्हाही प्रत्येक ढिगातलं एक उचलून हातावर ठेवायचीस, शेपूट कुठवर येतं ते बघायचीस आणि मग बोली लावायचीस. माझ्या मनात ती पाटी अजून सलत होती. मी टोचून विचारलं, "घ्यायचंच आहे तर मापतेस कशाला?" तू रागावली नाहीस. म्हणालीस, "चूल पेटवायची हाय म्हनून घेतंय. पन बारीक ता बारीकच. हाताला कशाला खोटा बोलायला लावू?" बाबा परत दर्यावर गेले त्या दिवसापासून तू पुन्हा ढीग सोडून पुढे जायला लागलीस.

तुझा हात आपल्या घरात राहिला तो चुकून. बाबा होडी रंगवत होते. तांबडा पट्टा वाळला का बघायला तू त्यावर हात ठेवलास आणि तोल गेला म्हणून तोच हात निळ्या फळीवर टेकलास. पाचही बोटं, तळवा, मनगटाची रेघसुद्धा उमटली. तू पुसायला धावलीस तर बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. घरातल्या लक्ष्मीचा हात हाय." दर वर्षी होडी रंगवताना ते त्या हाताच्या कडेकडेने ब्रश फिरवायचे. होडी मोडीत काढली तेव्हा तेवढी फळी त्यांनी घरी आणली आणि चुलीच्या वर भिंतीला ठोकली. मसाल्याचे डबे तिच्याच पुढ्यात मांडलेले असायचे. तू गेल्यावर कितीदा डबा काढायच्या निमित्ताने मी त्या हाताला हात लावलाय.

दोन वर्षांपूर्वी सोसायटीत मी विषय काढला. पापलेट दर वर्षी कमी आणि लहान होत चाललं होतं, आणि बारीक भोकांच्या जाळ्यांत पिल्लं भरून येत होती, एकदाही अंडी न घातलेली. मी म्हटलं, आपल्या बंदरावर हाताएवढं नसलेलं पापलेट लिलावाला लावायचं नाही. सरकारचं माप आहेच, पण ते तुझ्या हातापेक्षा लहान, त्यामुळे लोकांना वाटलं ही बाई सरकारपेक्षा शहाणी झाली. सगळ्यात आधी उठला तो तुझा धाकटा लेक. "भायेरच्या बोटी दिवे लावून दर्या खरवडतायत आनि आपन हात मापीत बसायचा? माज्या होडीवर सहा खलाशी हायत. त्यांच्या पोरांना काय सांगू, तुमचा मासा अजून शाळेत जातोय म्हनून?" सगळे हसले, मीसुद्धा हसले, पण त्याचं चुकत नव्हतं. त्या सहा घरांत मी जाऊन आले होते. त्यांच्या चुलीकडे बघून माशाच्या पिल्लाची बाजू मांडणं सोपं नाही, आये. मागच्या बाकावरचा, जन्मभर होडी हाकलेला एक म्हातारा तांडेल म्हणाला, "ही तर हिच्या आयेची पद्धत. पन तिचा हात आता हाय कुठं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या स्वयंपाकघरात." मीटिंग पुढच्या रविवारवर गेली आणि फळी आणायची ठरली.

मी फळी उतरवली, सोड्याने घासून काजळी काढली. हात फिका झाला होता म्हणून तांबडा रंग आणून उजळला. रविवारी ती लिलावाच्या ओट्यावर ठेवली तेव्हा जुनी माणसं उठून उभी राहिली. एका बाईने तिला हळदकुंकू लावलं. धाकटा मात्र येताना स्वतःच्या होडीवरची चार पापलेटं घेऊन आला होता. एकेक फळीवर ठेवून बघितलं. तीन मापात बसली, एक कमी पडलं. तो बराच वेळ फळीकडे बघत होता. मग हळूच मला म्हणाला, "आयेचा हात एवढाच होता काय गो?"

"तू लहान होतास," मी म्हटलं. "लहानपणी सगळंच मोठं दिसतं."

त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बरा. मना चालंल." तो हो म्हणाल्यावर बाकीचे एकेक करून हो म्हणाले.

आता दुसरा हंगाम चालू आहे. दोघा-तिघांनी आपला मासा दुसऱ्या बंदरावर न्यायला सुरुवात केली, पण बाकीचे टिकून आहेत. धाकट्याने मोठ्या भोकांचं जाळं घेतलं आणि ते घेताना मला चार शिव्या घातल्या. पापलेट वाढलं असं मी कोणाला सांगत नाही, दोन वर्षांत दर्या कुणाला जबानी देत नसतो. पण या वर्षी नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेरीत धाकट्याने एक पापलेट डोक्यावर धरून मला लांबूनच दाखवलं, आणि मला तू इतकी आठवलीस की मी ओट्याकडे पाठ करून उभी राहिले. लोक लिलावाआधी फळीला हात लावून तो कपाळाला लावतात. तुझ्या अर्ध्या पाटीला हसणाऱ्या बायकांच्या सुना आता तुझ्या हाताने मासे मापतात. हे सगळं तुझं आहे. मला एवढं तरी तुला सांगायचं होतं.

आणि दुसरंही सांगायचं आहे. फळीवरचा हात तुझा नाही, माझा आहे. फळी घासून झाल्यावर मी धाकट्याकडचा मासा आणून तुझ्या हातावर ठेवून बघितला होता. त्यातलं अर्ध्याच्या वर बाद होत होतं. तो कधीच तयार झाला नसता, आणि तो नाही तर कोणीच नाही. म्हणून मी तळवा तांबड्या रंगात बुडवला, मनगट तुझ्या रेघेवर ठेवलं आणि दाबला. माझी बोटं तुझ्यापेक्षा पेरभर आखूड आहेत. वर उरलेल्या तुझ्या बोटांच्या टोकांवर मी निळा रंग फिरवला. वाईट दिवसांत तू बारीक मासा घेतलास, पण हात होता तेवढाच ठेवलास. मी मासा राहावा म्हणून हातच लहान केला. यातलं जास्त वाईट कोणतं ते मला कळत नाही, आणि धाकट्याला कळलेलं असूनही तो बोलत नाही.

हे कागद मी मसाल्याच्या डब्यांमागे ठेवणार आहे, जिथे फळीची पांढरी जागा अजून भिंतीवर दिसते. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की फळी रंगवायला घरी येईल. तेव्हा बोटं थोडी वाढवीन म्हणते, कोणाच्या लक्षात येणार नाही इतकी. तुझा हात मी खरवडून काढलेला नाही, आये. नुसता रंगाखाली झाकलाय.